पार्किंग बसतंय का? फ्रायबुर्गच्या वोबाँ वसाहतीचं प्रकरण

पुण्यात इमारतीचा नकाशा काढायला बसलं की घरं नंतर येतात, पार्किंग आधी. दोन खांबांमधलं अंतर हॉलच्या रुंदीवर ठरत नाही. खाली दोन गाड्या मावतील की तीन, यावर ठरतं. अडीच मीटर बाय पाच मीटरचा एक चौकोन, वळायला जागा, रॅम्पचा उतार. ऑफिसात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा प्रश्न एकच: "पार्किंग बसतंय का?" नाही बसलं तर वरचा मजला जातो, नाहीतर खाली आणखी एक तळघर खोदायचं. पंचवीस वर्षं हेच करतोय. या चौकोनांचा खर्च नेमका कोण देतो, असं मात्र मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. देतो अर्थात घर घेणारा, मग त्याच्याकडे गाडी असो वा नसो.

म्हणून वोबाँ. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात फ्रायबुर्ग शहर आहे. त्याच्या दक्षिण कडेला, मध्यवस्तीपासून साधारण तीन किलोमीटरवर, साडेपाच हजार माणसांची ही वसाहत. 'गाड्यांविना उपनगर' म्हणून ती जगभर गाजली. सोलर पॅनेलं, उबदार भिंतींची घरं, सायकली, हिरवळीवरून जाणारी ट्राम, फोटो सगळे याचेच असतात, आणि आमच्या व्यवसायातली माणसं तिथे जाऊन तेच फोटो काढून येतात. मीही काढले. पण माझ्या मते खरी गोष्ट फोटोत येण्यासारखी नाही, कारण ती एका करारात आहे. तिथे घराची किंमत आणि गाडी उभी करण्याच्या जागेची किंमत एकमेकींपासून तोडली. बाकीचं बरंचसं त्यामागून आलं.

छावणीची वसाहत

जागेची कुळकथा थोडक्यात. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, नाझी राजवटीत, इथे सैन्याच्या बराकी उभ्या राहिल्या. युद्धानंतर त्या फ्रेंच सैन्याकडे गेल्या आणि छावणीला वोबाँचं नाव मिळालं. हा वोबाँ म्हणजे चौदाव्या लुईचा दुर्गबांधणीतला इंजिनिअर. सतराव्या शतकात फ्रायबुर्गलाही त्याने तटबंदी घातली होती. (किल्ले बांधणाऱ्याच्या नावाच्या वस्तीत गाडीला वेशीवर थांबवतात, हा योगायोग मला फार आवडतो.) १९९२ मध्ये फ्रेंच गेले. शहराने यातली सुमारे ३४ हेक्टर जमीन केंद्र सरकारकडून ४ कोटी मार्कांना विकत घेतली. घरांची टंचाई होती, जमीन रिकामी होती आणि मालक शहर स्वतः होतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काही जुन्या बराकी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला आणि सूझी नावाच्या, स्वतःच्या हाताने घरं दुरुस्त करून राहणाऱ्या गटाला मिळाल्या. उरलेल्या जागेचं काय करायचं, यावर १९९४ मध्ये काही नागरिकांनी 'फोरम वोबाँ' ही संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी शहराने लोकसहभागाचं अधिकृत व्यासपीठ म्हणून तिला मान्यता दिली. नुसती सूचनांची पेटी लावली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पाच-दहा-पंधरा कुटुंबांनी एकत्र येऊन स्वतःचा आर्किटेक्ट नेमायचा, शहराकडून थेट भूखंड घ्यायचा आणि बिल्डरविना इमारत बांधायची, अशी पद्धत इथे रुळली. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात नोकरदारांनी काढलेल्या गृहरचना संस्था आठवतात? साधारण तोच प्रकार. पैसा स्वतःचा असला की माणूस प्रत्येक ओळीचा हिशेब विचारतो. त्या हिशेबात पार्किंगची ओळ सगळ्यांत आधी खटकली.

फ्रायबुर्ग काही कोरी पाटी नव्हतं, हेही सांगायला हवं. १९७५ मध्ये जवळच्या वील गावात होऊ घातलेल्या अणुवीज प्रकल्पाच्या जागेवर द्राक्षबागायतदार, गावकरी आणि विद्यार्थी ठाण मांडून बसले आणि तो प्रकल्प कधी झालाच नाही. इतर शहरं ट्रामचे रूळ उखडत असताना फ्रायबुर्गने ते ठेवले आणि वाढवले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच जुन्या शहराचा गाभा चालणाऱ्यांसाठी मोकळा केला. १९८४ मध्ये 'पर्यावरण कार्ड' या नावाने स्वस्त मासिक पास काढला. म्हणजे वोबाँत राहायला येणाऱ्या माणसाला गाडीवाचून शहर कसं चालतं, हे आधीपासून दिसत होतं. याचं श्रेय वसाहतीला देता येणार नाही.

कायद्याची अडचण आणि तिच्यातून काढलेली वाट

बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा तेव्हाचा बांधकाम कायदा आपल्या कायद्याइतकाच कडक होता: प्रत्येक नव्या घरामागे गाडीची एक जागा दाखवायचीच. फोरमवाले म्हणत होते, आम्हाला गाडीच नको, जागा कशाला? अधिकारी म्हणत होते, आज नाही पण उद्या घ्याल, तेव्हा कुठे लावाल? शेजारच्या वस्तीतले लोक म्हणत होते, आमच्या दारात लावाल! तिन्ही म्हणणी खरी होती. अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. कायद्याला हात लावायचा नाही म्हणून फाइल परत येते.

तिथे वाट काढली ती अशी. वसाहतीच्या बऱ्याच भागात घराला लागून पार्किंग बांधायचंच नाही. ज्यांना गाडी ठेवायची आहे त्यांनी वसाहतीच्या कडेला असलेल्या दोन बहुमजली गॅरेजांपैकी एकात जागा विकत घ्यायची. या जागेचा भाव सुरुवातीच्या काळात साडेसतरा हजार युरोंच्या आसपास होता, पुढे वीस हजारांच्या वर गेला. शिवाय दरमहा देखभाल वेगळी. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी 'गाडीविना राहणी'साठी काढलेल्या संस्थेशी करार करायचा आणि आपल्याकडे गाडी नसल्याचं लेखी द्यायचं. पण कायद्याला जागा तर दाखवली पाहिजे! म्हणून या संस्थेने एक मोकळा भूखंड राखून ठेवला. गाडी नसलेलं प्रत्येक कुटुंब एकदाच सुमारे ३,७०० युरो भरून त्या भूखंडात आपल्या वाट्याची जागा घेतं. उद्या या लोकांनी गाड्या घेतल्याच तर तिथे तिसरं गॅरेज बांधता येईल. तोवर तिथे गवत.

एखाद्या सरकारी वकिलाला सुचावी अशी ही युक्ती आहे आणि माझ्यासारख्या नकाशे मंजूर करून घेणाऱ्या माणसाला तिचं अप्रूप वाटणारच. कायदा मोडला नाही, बदललाही नाही. पार्किंग 'बांधण्या'ऐवजी 'राखलं'. काँक्रीट ओतायचं ते भीतीपोटी आजच का ओता, भीती खरी ठरली तर ओता, एवढंच. शहरालाही सोयीचं, कारण लोक खोटं बोलले तरी जमीन हातात आहे.

आता हाच प्रकार घर घेणाऱ्याच्या बाजूने बघा. इतर ठिकाणी पार्किंगचा पैसा घराच्या किमतीत मुरलेला असतो. पैसे गेलेलेच आहेत, जागा रिकामी पडली आहे, मग गाडी घ्यायला काय हरकत आहे? वोबाँत ही जागा किमतीच्या पाटीसकट समोर ठेवलेली असते: वीस हजार, की तीन हजार सातशे? नवरा-बायको स्वयंपाकघरात टेबलाशी बसून हा हिशेब करतात. पर्यावरणाची कळकळ असलेला माणूस तो करतोच, पण नसलेलाही करतो. गाडी ठेवण्याचा निर्णय सवयीने होत होता, तो आता ठरवून करावा लागतो.

रस्त्यावर काय दिसतं

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात दोन दिवस तिथे होतो. मुख्य रस्ता, वोबाँ आली, ताशी तीस किलोमीटरच्या मर्यादेचा. त्याला कडेने ट्रामचे रूळ, आणि रुळांमध्ये गवत. ट्राम जाते ती आवाज न करता, झाडीत साप सरकावा तशी. या रस्त्याला इंग्रजी यू अक्षरासारखे गल्लीचे फाटे आहेत. गाडी एका तोंडाने आत शिरली तर दुसऱ्या तोंडाने त्याच मुख्य रस्त्यावर परत येते, पलीकडे निघायला वाट नाही. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला मात्र मधून बोळ आहेत. म्हणजे 'शॉर्टकट' म्हणून गाडी घालण्याचा मोहच होत नाही. वरवर ही बारीक बाब वाटेल, पण नगररचनेत अशाच गोष्टी टिकतात, कारण त्यांना हवालदार लागत नाही.

गल्लीच्या तोंडाशी निळा फलक: मोठं माणूस, मूल, चेंडू, घर आणि कोपऱ्यात छोटीशी गाडी. अर्थ असा की इथे मुलं खेळणार, गाडी आलीच तर माणसाच्या चालीने. खाली आणखी एक शब्द, श्टेलप्लाट्झफ्राय, म्हणजे इथे गाडी उभी करण्याच्या जागा नाहीत. गाडी आणायला बंदी नाही, हे बऱ्याच लेखांत नीट सांगितलेलं नसतं. आणा, सामान उतरवा, आजोबांना उतरवा, आणि घेऊन जा.

शनिवारी सकाळी एका दारासमोर हेच बघितलं. करड्या रंगाची मोठी गाडी सावकाश येऊन थांबली. बाई आणि दोन मुलं उतरली, पाठोपाठ सफरचंदांच्या दोन पेट्या, गुंडाळलेली चटई, एक तुटका दिवा. माणूस तशीच गाडी घेऊन गेला. मी सहज घड्याळ बघितलं. अकरा मिनिटांनी तो चालत परत आला, किल्ली बोटाभोवती फिरवत. जायला-यायला अकरा मिनिटं. ट्रामचा थांबा त्या दारापासून तीन मिनिटांवर होता आणि सायकल दारातच, जिन्याखाली. त्याच वेळी शेजारच्या घरातून एक बाई मागे जोडगाडी लावलेली सायकल काढत होती, जोडगाडीत एक मूल आणि मुलाच्या मांडीवर त्याच्या डोक्याएवढा भोपळा. ती बाजाराला गेली. त्या माणसाला दूध संपल्याचं कळलं असतं तर तो गाडी काढायला अकरा मिनिटं गेला असता? अजिबात नाही. उत्सर्जन कमी होतं ते असं, दुधाच्या पिशवीगणिक. गाडी असलेल्या माणसाचंही.

नगररचनेतलं जुनं तत्त्व आहे की गाडी आणि बसथांबा घरापासून निदान सारख्या अंतरावर असावेत. आपण उलटं करतो. गाडी लिफ्टच्या दारात, आणि बसचा थांबा हमरस्ता ओलांडून, भर उन्हात, बाकाशिवाय. मग म्हणतो लोकांची मानसिकता बदलली पाहिजे.

आकडे, आणि त्यांच्याकडे कसं बघायचं

वोबाँत दर हजार माणसांमागे सुमारे १६० ते १७० गाड्या. सबंध फ्रायबुर्गात हे प्रमाण चारशेच्या आसपास आणि जर्मनीत साडेपाचशेच्या वर. आयटीडीपी या संस्थेने (तिची माणसं पुण्यातही रस्ते आणि पार्किंगवर काम करतात) युरोपातल्या अशा वस्त्यांचा अभ्यास केला होता. त्यात वोबाँतल्या १०० फेऱ्यांपैकी ६४ पायी किंवा सायकलने, १९ सार्वजनिक वाहनाने आणि १६ गाडीने होतात असं आलंय.

यावरून कार्बनचा ढोबळ हिशेब पाटीवर करता येतो. लिटरभर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला दीडशे ग्रॅम, आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर गाडीमागे दीड टन. शहराच्या सरासरीपेक्षा हजारी २३० गाड्या कमी, लोकसंख्या साडेपाच हजार. म्हणजे साडेबाराशे गाड्या कमी, आणि वर्षाला एकोणीसशे टनांच्या आसपास धूर कमी. यातून भाड्याच्या सामायिक गाड्यांचा वापर वजा करा, ट्रामची वीज वजा करा. त्यात न बांधलेल्या तळघरांचं सिमेंट आणि लोखंड मिळवा, जे असल्या हिशेबांत कुणीच धरत नाही. तळघरात एका गाडीला वळणारस्त्यासकट पंचवीस ते तीस चौरस मीटर लागतात. म्हणजे एक 'वन बीएचके' गाडीला.

विमानप्रवास मात्र यात कुठेच येत नाही. गाडी विकून वाचवलेल्या पैशांत दरवर्षी कॅनरी बेटांवर जाऊन आलेलं कुटुंब या आकड्यांत पुण्यवान दिसतं. वैयक्तिक प्रवासाचं उत्सर्जन म्हणायचं आणि नुसत्या गाड्या मोजायच्या, हा या विषयातला सर्रास चालणारा घोटाळा आहे.

दुसरी हरकत नेहमीची: तिथे राहायला गेलेच मुळी हिरव्या विचारांचे लोक, त्यांच्याकडे गाड्या कमी असणारच. यात तथ्य आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत झालेल्या एका पाहणीत गाडी नसलेल्यांपैकी ५७ टक्क्यांनी सांगितलं की वोबाँत राहायला येण्याच्या सुमारासच त्यांनी गाडी सोडली. म्हणजे ही मंडळी जन्मजात सायकलवाली नव्हती. त्यांच्याकडे गाडी होती, वसाहतीने त्यांना ती सोडायचं निमित्त दिलं. निमित्त हवं असलेले लोकच आले असतील, मान्य. तसे लोक पुण्यात, ठाण्यात, नाशकातही आहेत. फक्त त्यांना असं निमित्त देणारी एकही इमारत आपण बांधलेली नाही.

आणि आता ट्राम. वोबाँवरच्या प्रत्येक माहितीपटात ट्राम हिरॉइन असते. पण तारखा बघा. पहिली कुटुंबं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राहायला आली. ट्राम आली एप्रिल २००६ मध्ये. ती ५७ टक्क्यांची पाहणी ट्रामच्या आधीची आहे. म्हणजे सात-आठ वर्षं ही माणसं बस आणि सायकलीवर गाडीविना राहिली. ट्रामने त्यांचं जगणं सोपं केलं, वसाहतीच्या उत्तरार्धात आलेल्यांना धीर दिला, याबद्दल वाद नाही. पण क्रम उलटा आहे: आधी जागेची किंमत, मग ट्राम. आपल्याकडे मेट्रो आली की गाड्या आपोआप कमी होतील असं मानून मेट्रोच्या थांब्यालगतच्या टॉवरला दोन-दोन तळघरं मंजूर करतो, तेव्हा हा क्रम आठवतो.

जे नीट झालं नाही

खोटं बोलणारे तिथेही निघाले. काहींनी 'गाडी नाही' असं लिहून दिलं आणि गाडी आईच्या नावावर घेऊन शेजारच्या गल्लीत लावली. आपल्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. वसाहतीलगतच्या जुन्या वस्तीतले लोक यावरून वैतागले आणि त्यांचं वैतागणं रास्त होतं. एका वसाहतीचं पुण्य दुसरीच्या फुटपाथवर उभं राहत होतं. गल्लीत सामान उतरवायला आलेली गाडी तासन् तास तशीच राहणं, हेही चालतं. दंड करायला कुणी फिरकत नाही, मग शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगायचं. जर्मन माणूस असं तोंडावर सांगतो म्हणून निभतं. कराराची अंमलबजावणी शेजाऱ्याच्या भिडेवर सोडणं हा या सगळ्या रचनेतला सगळ्यांत कच्चा सांधा आहे, आणि इतकी वर्षं होऊनही त्यावर पक्का उपाय झालेला नाही.

फोरम वोबाँ २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली. युरोपीय निधीच्या हिशेबावरून वाद झाला, पैसे परत करायची मागणी आली आणि संघटनेचं कंबरडं मोडलं. वसाहत जगभर पुरस्कार मिरवत असताना ती घडवणारी संघटना बुडाली. काम पुढे दुसऱ्या रहिवासी मंडळाने चालवलं. घरांच्या किमतीही चढल्या. गाड्यांविना गल्ली, खेळणारी मुलं, पायरीवर शाळा, हे सगळ्यांनाच हवं असतं, म्हणून ते महाग होतं, आणि ज्या मध्यम मिळकतीच्या कुटुंबांनी जुळवाजुळव करून ते उभं केलं तशा कुटुंबांना आज तिथे नव्याने शिरणं जड जातं.

आणि सपाट जमीन, तीन किलोमीटरवर शहर, पावसाळा आपल्यासारखा कोसळणारा नाही. सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला वोबाँचं उदाहरण देणं म्हणजे चेष्टा आहे. ते मी देत नाही.

दहिसरचा निकाल आणि आमची सभा

मग इथून काय घ्यायचं? सगळ्यांत आधी एक गाठ समजून घ्यावी लागते. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखाली बिल्डर स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये सोडलेली जागा फ्लॅटधारकांना वेगळे पैसे लावून विकायचे. मुंबईच्या उपनगरात, दहिसरला, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने याविरुद्ध लढा दिला आणि ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: स्टिल्टखालची किंवा उघडी पार्किंगची जागा म्हणजे 'गॅरेज' नव्हे, बिल्डरला ती स्वतंत्र विकता येणार नाही, ती सामाईक आहे. ग्राहकाच्या बाजूने हा निकाल योग्यच होता; बिल्डर एकाच जागेचे दोनदा पैसे घेत होते. पण त्याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. जागा वेगळी विकता येत नाही म्हटल्यावर तिचा खर्च सगळ्या फ्लॅटांच्या दरात सारखा वाटला जाऊ लागला. वोबाँने जे तोडलं तेच इथे तेव्हा कायद्याने शिवून टाकलं. (पुढे २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली छत असलेली जागा वेगळी विकता येऊ लागली, पण जागा बांधण्याची सक्ती तशीच राहिली.) त्यावर राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियमावली. किती चौरस मीटरच्या किती सदनिकांमागे किती चारचाकी आणि किती दुचाकी, याचा तक्ताच त्यात आहे, आणि त्यापेक्षा कमी जागा दाखवून नकाशा पुढे सरकत नाही. पुण्यातली नोंदणीकृत वाहनं २०१८ मध्येच ३६ लाखांवर जाऊन माणसांच्या पुढे गेली. आपण मात्र अजून प्रत्येक नव्या घराबरोबर गाडीला आमंत्रण छापतोय.

मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा असल्याचा दाखला असल्याशिवाय नवी गाडी नोंदवली जाणार नाही. ऐकायला वोबाँसारखं वाटतं, पण तसं नाही. जिथे बहुतेक फ्लॅटांना घराबरोबरच जागा मिळते तिथे दाखला काय, झेरॉक्स काढून मिळेल. जागेची किंमत घरात मुरलेली असताना जागेचा पुरावा मागून उपयोग काय?

शहराच्या मालकीच्या जमिनीवर मात्र वोबाँचा प्रयोग आजही करता येईल, कारण तिथे भूखंड देताना अट घालणारं शहरच असतं. म्हाडा, सिडको, नगररचना योजनेतले महापालिकेच्या वाट्याला आलेले भूखंड, आणि तेही मेट्रो किंवा लोकलपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे. निम्मं पार्किंग बांधा, निम्म्याची जमीन राखा, त्यावर झाडं लावा. दहा वर्षांनी बघू. यासाठी जर्मनीला जाण्याची गरज नाही, नियमावलीतल्या त्या तक्त्याखाली एक तळटीप पुरे.

उभ्या असलेल्या इमारतींचं काय? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमांच्या नमुन्यात, पार्किंगचं शुल्क ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला: पहिल्या गाडीला आहे तेच शुल्क, दुसऱ्या गाडीला चौपट, आणि जमणाऱ्या जादा रकमेतून ज्या घरात गाडीच नाही त्यांना मेंटेनन्समध्ये सवलत. आमच्याकडे पार्किंगवरून कुंड्या, जुने टायर आणि साखळ्यांचं युद्ध नेहमीचं आहे, त्यामुळे लोक ऐकतील असा अंदाज होता. पाच मिनिटं शांतता होती. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी निवृत्त झाल्यावर स्कूटरसुद्धा विकून टाकली, उठून म्हणाले, "अहो, म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या गाड्यांचं भाडं भरत होतो की काय?"

हशा पिकला आणि मग एकदम भांडण. कुणी म्हणालं आमची दुसरी गाडी मुलीच्या क्लाससाठी आहे, कुणी म्हणालं पाहुणे आले तर काय त्यांनी ट्रामने यायचं? (ट्रामचा उल्लेख मीच करून बसलो होतो, ती चूक माझी.) अध्यक्षांच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत आणि तिसरीचं बुकिंग झालंय, त्यांनी घड्याळ बघितलं आणि कोरमचा प्रश्न काढला. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'विषय क्रमांक सात, सविस्तर चर्चा होऊन पुढील सभेपर्यंत तहकूब.'

काका अजून लिफ्टपाशी भेटतात. जिन्याने जायचं सोडून ते हल्ली लिफ्टसाठी थांबतात, केवळ मला विचारायला, असा माझा दाट संशय आहे. "काय हो आर्किटेक्ट, सातव्या विषयाचं काय झालं?"